गच्चीवरचा स्विच

नोएडात हाडांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं. एक हात गळ्यातल्या झोळीत बांधलेले एक निवृत्त फौजी आणि त्यांची बायको.

“डॉक्टरांना काय सांगणार?”

“गच्चीच्या जिन्यात पडलो.”

“जिन्यात कशाला गेला होतात, ते?”

“हॅम रेडिओवरून परदेशी बोलतो ना, त्याच्या अँटेनाची दिशा बदलायचा स्विच बघायला.”

“अहो, तो खोलीत बसून फिरवता येतो ना? महिनाभर तीच तर सोय करत होतात.”

“येतो. रेडिओवर बोलताना त्या स्विचवर हजारो व्होल्ट येतात, म्हणून तर त्याला नायलॉनची दोरी बांधून खाली खोलीत आणली.”

“मग?”

“अँटेना जपानकडे करायला दोरी ओढली. पण जपान फारच बारीक ऐकू येत होतं. वाटलं, स्विच अडकला.”

“म्हणून वर निघालात.”

“खात्री नको करायला?”

“अच्छा. म्हणजे आधी नुसतं चढायचं होतं, आता ओढून मग चढायचं.”

“यार, तुला नाही कळायचं.”

“बिल्कुल नाही. मी गच्चीतच होते, वाळलेले कपडे दोरीवरून काढत. स्विच फिरलेला दिसला मला.”

“मग ओरडून सांगायचंस ना!”

“ओरडले. दोनदा ओरडले. तुम्ही हेडफोन लावून जपान ऐकत होतात.”