मागचा उजवा कोपरा

हे खरं तर मी सांगायचं नाहीये. आईने बजावून ठेवलंय, घरातली गोष्ट दुकानाच्या काउंटरवर आणायची नाही — आणि तसंही मी गिऱ्हाइकांशी फार बोलत नाही, 'बसा' आणि 'बाबा वर आहेत', एवढंच माझं बोलणं. पण आज तुम्ही एकट्याच आलात, सूनबाई बरोबर नाहीत, आणि तुमचा चष्मा माझ्या हातात आहे, म्हणजे तुम्हाला माझं तोंड नीट दिसत नसणार. ते बरंय. — नाही आजी, स्क्रू पडला नाहीये, नुसता ढिला झालाय, दोन मिनिटं लागतील. जरा हळू बोलते हं, जिना लाकडी आहे, वर सगळं ऐकू जातं — म्हणजे, तेच तर. वर सगळं ऐकू जात नाही. तेच सांगायचंय.

गेल्या महिन्यात तुम्ही वरच्या खोलीत बसला होतात ना, त्या जुन्या डोळे तपासायच्या खुर्चीत — बाबांनी ती खोलीच्या बरोब्बर मध्ये जमिनीला पक्की केलीये, टेपने मापून, चारही कोपऱ्यांतले स्पीकर सारख्याच अंतरावर. आणि मग त्यांनी तुम्हाला तेच सांगितलं जे ते सगळ्यांना सांगतात — की हे अल्बम पन्नास वर्षांपूर्वी चार स्पीकरांसाठीच बनवले होते, दोन पुढे, दोन मागे, बनवणाऱ्यांना ते असेच ऐकवायचे होते, पण तसली यंत्रं लोकांनी घेतलीच नाहीत, मग सगळं दोन स्पीकरांत कोंबून विकलं, आणि कोंबताना काय काय गळून पडलं ते कुणाला कळलंही नाही. बाबांकडे तसल्या मूळच्या अकरा टेप आहेत. रविवारी दुपारी लोक येतात, एकेक जण खुर्चीत बसतो, आणि उठताना कुणीतरी डोळे पुसत असतं, आणि बाबा तेव्हा असे उभे असतात ना, जणू त्यांनीच ते गाणं — जाऊ दे.

तुम्ही तर त्या गळून पडलेल्यासाठीच आला होतात. मी दाराशी फडकं घेऊन उभी होते, मला सगळं आठवतंय. तुम्ही म्हणालात, यातल्या एका टेपवर तिसऱ्या गाण्याच्या शेवटी दोन ओळी मी गायल्यात, एकटीने, घरातल्या रेकॉर्डमध्ये त्या नाहीत, पण तेव्हा ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ मला म्हणाले होते, बाई, तुमचा आवाज मी मागच्या उजव्या कोपऱ्यात ठेवतोय, ऐकणारा मान वळवून बघेल. आणि सूनबाई हसून म्हणाल्या, "बघू या हं, इतकी वर्षं ऐकतोय आम्ही ही कथा." मग ते गाणं आलं. तुम्ही आधीच मान वळवून बसला होतात. मागून नुसतं व्हायोलिन वाजत राहिलं, दोन्हीकडून एकच. गाणं संपलं, टेप नुसतीच फिरत होती, तरी तुमची मान तशीच.

आणि बाबा म्हणाले — मला ते वाक्य तुमच्यासमोर पुन्हा म्हणवत नाही — "आजी, मूळचं मिक्सिंग हेच. वय झालं की आठवणींना जरा साखर लागते." सूनबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. पदर सारखा केलात आणि कठड्याला धरून जिना उतरलात. मी रोज शाळेत जाताना तोच कठडा धरते.

आवाज होता, आजी. आहे. तुमचा आवाज टेपवर आहे.

थांबा, उठू नका, आधी सगळं ऐका, नाहीतर मला पुन्हा सांगता येणार नाही. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट, सुट्टीत मी ती खोली झाडत होते. मागच्या उजव्या स्पीकरची तार केरसुणीत अडकून निघाली, आणि मी शहाणी — यंत्र चालू आहे का ते न बघता परत लावायला गेले. दोन टोकं एकमेकांना लागली. जळका वास आला, बोटभर धूर निघाला, आणि त्या कोपऱ्याचा आवाज कायमचा बंद. अॅम्प्लिफायरचा तेवढाच भाग गेला, बाकीचे तिन्ही ठणठणीत. मी काय केलं? मी तो मुका स्पीकर मागच्या डाव्याच्याच तारेला जोडून टाकला. म्हणजे दोन्हीकडून आवाज येतो, कुणालाही वाटावं चार वेगळे आवाज आहेत, असतात तीन. उजव्या कोपऱ्यातलं जे काही होतं ते टेपवरच राहिलं.

मला वाटलं होतं बाबा मिनिटात पकडतील. त्या रविवारी मी त्यांच्याकडेच बघत होते. आणि त्यांनी काही पकडलं नाही. तेव्हा मला कळलं — हेच ते, सांगायचं नाहीये ते — बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात. आईला आधीपासून माहीत होतं. ती म्हणते, दिव्याखाली अंधार, अख्ख्या गावाचे डोळे तपासतो आणि स्वतःचा कान दाखवायला जायला याला लाज वाटते. पण बाहेर बोललीस तर याद राख, म्हणाली, लोक यायचे थांबले तर तो काय करेल?

म्हणून मी गप्प बसले — असं मी स्वतःला सांगते. पण ते अर्धंच आहे. पूर्वी मला त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं. आणि आता दर रविवारी लोक यायच्या आधी बाबा मलाच खुर्चीत बसवतात, म्हणतात, तुझे कान कोवळे आहेत, तू ऐक आणि सांग. वर्गात मला हजेरीशिवाय कुणी काही विचारत नाही हो. आणि इथे बाबा, तोंडाकडे बघत उभे असतात, मी काय म्हणते त्यासाठी. मी म्हणते, "छान वाजतंय." दुरुस्तीला माणूस आला असता तर माझंही कळलं असतं, त्यांचंही, आणि माझं ते खुर्चीत बसणं संपलं असतं. मला ते संपायला नको होतं. बघा, असं आहे.

आणि अजून एक. त्या दिवशी ते साखरेचं बोलायच्या आधी बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं. तुमच्या लक्षात आलं नसेल, तुमची मान कोपऱ्याकडे होती. त्यांनी भुवया वर केल्या — आहे का आवाज? असं विचारलं. आणि मी मान हलवली. नाही म्हणून. म्हणजे ते तुम्हाला जे बोलले ते माझ्या भरवशावर बोलले. त्यांना शिव्या देऊ नका. द्यायच्या तर —

चष्मा झाला, हा घ्या. आत्ता नको घालायला? बरं. राहू दे फडक्यात.

आज सकाळी बाबा बाजारात गेले तेव्हा मी टेपच्या यंत्रातून येणारी मागच्या उजव्याची पिन काढून अॅम्प्लिफायरमध्ये डाव्याच्या जागी खोचली. आता व्हायोलिन गेलंय, जाऊ दे, पण मागून तुम्ही येता. मी खुर्चीत बसून तीनदा ऐकलं. पहिल्या ओळीआधी तुम्ही श्वास घेता, अगदी कानापाशी, आणि मी खरंच मान वळवली, आजी, कुणी नसताना. दुसऱ्या ओळीत शेवटच्या शब्दावर आवाज किंचित हसरा होतो. कुणी तरी तेव्हा हसवलं होतं का तुम्हाला? — हो? कोणी?

सांगा मग वर. चला ना. पाहिजे तर सूनबाईंना बोलवा, मी थांबते. मी ठरवलंय, आता जाऊन बाबांना तुमच्यादेखत सांगणार, सगळं, कानाचं सोडून — नाही, कानाचंही, त्याशिवाय ते जुळतच नाही — म्हणणार की बाबा, आजी त्या दिवशी खरंच बोलत होत्या, मीच मान हलवून तुम्हाला खोटं —

आले वर, बाबा!

काय? नाही... नाही, खाली कोणी नाही. कोणीच नाही, बाबा.