अभिनंदनाचा फलक

नानय : काढा म्हटलं की काढा? पोरगी शहरातून आली, पायातले बूट काढले नाहीत, आईला विचारलं नाही जेवलीस का, आणि तोंडातलं पहिलं वाक्य काय, तर फलक काढा!

तातय : तू आधी शिडी धर. बोलायला लागलीस की हात सोडतेस.

नानय : धरलीये. आणि पडलात तरी काय, इंजिनियरबाई उभ्या आहेत खाली. किती उंचीवरून पडलात ते मोजतील.

बिलिन : नानय, तू आत जा ना. मी धरते शिडी.

नानय : तू नको धरू. कंपनीचा पांढरा सदरा आहे. डाग पडला तर आमच्या नावानं पडेल.

तातय : इंदाय, पोरी, वेळ लागेल हं. ही गाठ शेजारच्या इस्कोनं मारलीये. रेड्याला बांधतात ती गाठ. ओढावी तेवढी घट्ट होते.

बिलिन : मग कापून टाका, तातय.

नानय : ऐकलंत? कापून टाका! बांबू इस्कोनं दिले, दोरी लोर्नानं दिली, छापायला अख्ख्या वाडीनं वर्गणी काढली. चिताबाईनं तर अंड्यावरची कोंबडी कापली त्या दिवशी. आणि ही म्हणते कापून टाका.

बिलिन : फिएस्ताच्या जत्रेच्याही आधीपासून टांगलाय. रंग उडालाय त्याचा.

नानय : उडू दे. ओठ तेवढे अजून लाल आहेत. छापखान्यातल्या पोरानं तुझ्या फोटोला लाली लावली होती, आठवतं? तू रडलीस. म्हणालीस, मी इंजिनियर दिसत नाही, नटी दिसते.

तातय : मला तर बरा वाटतो. सकाळी कॉफी घेऊन खाली बसतो आणि वाचतो. ‘अभिनंदन, इंजिनियर रुबेलिन माग्बानुआ. पहिल्या फटक्यात परीक्षा पास. आमच्या वाडीचा मान.’ पहिल्यांदा ‘इंजिनियर’पाशी अडायचो. आता एका दमात होतं.

नानय : तुझे तातय म्हातारपणी पाद्रीबाबांच्या शाळेत बसून अक्षरं शिकले. वाचायला मिळालं ते हे एवढंच. तेही उतरवायला लावतेस.

बिलिन : नानय, लोक हसतात अशा फलकांना.

नानय : कोण लोक?

बिलिन : ऑफिसातले. गाडीतून जाताना बोट दाखवतात. ‘बघा, पोरगा बोटीवर लागला. घराला भिंत नाही, पण फलक आहे.’

नानय : आणि सगळे हसतात.

बिलिन : हो.

नानय : तूही?

बिलिन : शिडी हलतेय, नानय. नीट धर.

नानय : मी काहीतरी विचारलं.

तातय : सोड गं. नवीन माणूस हसतोच. ऊसतोडीला पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मुकादमानं नुसतं नाक शिंकरलं तरी मी हसत होतो. न हसणारा एकटा पडतो.

नानय : तुमचं वेगळं. तुमच्या तोडीवर तुमच्या आईला कुणी हसत नव्हतं.

बिलिन : उद्या आमची गाडी येतेय इकडे. म्हणून म्हणतेय.

नानय : इकडे म्हणजे? आपल्या इथे?

बिलिन : रस्त्याच्या कामाला.

नानय : अगं मग हे आधी सांगायचं! फलक राहू दे. मी तूर-फणसाचा रस्सा टाकते, डुकराची तंगडी घालून. आंबट खातात ना तुझे साहेब? इथेच बसव त्यांना, पंख्याखाली. कळू दे की पोर कुठल्या घरची आहे.

बिलिन : नको. नानय, काही म्हणजे काही करू नकोस.

नानय : का? याच खाणावळीतला रस्सा खाऊन तू शिकलीस. तेव्हा नाही आंबट लागला.

बिलिन : तसं नाही गं.

तातय : सुटली गाठ. इंदाय, हे टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर. रस्त्याचं काय काम आहे?

बिलिन : रुंद करायचाय. साखर कारखान्यापासून पुलापर्यंत.

नानय : बघा! म्हणजे उसाच्या ट्रका इथेच थांबणार. मी म्हणतच होते, बाक वाढवू या.

तातय : पेर्ला, थांब जरा. इंदाय, रुंद म्हणजे कुठल्या बाजूला?

बिलिन : दोरी अडकलीये, तातय. डावीकडे बघा.

तातय : दोरी राहू दे. पलीकडे मोंतेल्यानो मालकाचा ऊस आहे. अलीकडे आपण आहोत. कुठल्या बाजूला?

बिलिन : अलीकडे.

नानय : अलीकडे म्हणजे काय? ओटा जाईल माझा?

बिलिन : ओटा. खाणावळ. तियो इस्कोचं दुकान. तिया लोर्नाचं अर्धं घर, आणि अर्धं उरलेलं उभं राहणार नाही. चॅपलपासून वळणापर्यंत सगळी ओळ.

नानय : चेष्टा करतेस. अहो, ती चेष्टा करतेय ना?

तातय : नाही करत.

नानय : तुला कधी कळलं हे?

बिलिन : नोकरी लागली त्याच महिन्यात.

नानय : म्हणजे तू फिएस्ताला आलीस, इस्कोच्या पंक्तीला बसून भाजलेलं डुक्कर खाल्लंस, त्यानं तुझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तुला माहीत होतं?

बिलिन : हो.

नानय : आणि खाल्लंस.

बिलिन : खाल्लं.

तातय : कुणी ठरवलं हे?

बिलिन : वरून ठरतं. पण कॉम्प्युटरवर रेघ मी ओढली. साहेबांनी सांगितलं, इथून इथपर्यंत ओढ. सुरुवातीला मला कळलंच नाही कुठली जागा ते. नकाशावर घर म्हणजे नुसता चौकोन असतो, तातय. मी चौकोन टिपत गेले. मग चॅपलचा क्रूस दिसला. मग वळण. मग आपल्या विहिरीचा गोल.

नानय : आणि मग?

बिलिन : मग मी रेघ पुरी केली.

तातय : शिडी धर, पेर्ला. उतरतो मी.

नानय : पलीकडे नुसता ऊस आहे गं! उसाला कुणी आई नसते.

बिलिन : पलीकडून पण एक रेघ होती. सरळ होती. खरं तर तीच चांगली होती, वळणही निघालं असतं. बैठकीत साहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी दाराजवळच्या खुर्चीत असते. मीपण हलवली.

नानय : का? जीभ कुठे ठेवली होतीस? इथे तर चार वर्षं आमचं डोकं खाल्लंस. गटार असं हवं, पूल तसा हवा, आपला नगराध्यक्ष गाढव आहे.

बिलिन : इथे बोलणं वेगळं असतं. तिथे पहिल्या दिवशी रखवालदार म्हणाला, ‘या इंजिनियर,’ तर मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मला अजून जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या टेबलावर बसायचं ते कळत नाही. छपाईच्या यंत्रात कागद अडकला की मी जिन्यात जाऊन उभी राहते, दुसरं कुणी काढेपर्यंत. मी तोंड उघडलं असतं तर विचारलं असतं, तुला काय माहीत तिथलं? मग सांगावं लागलं असतं, ते चौकोन आमचे आहेत.

नानय : मग सांगायचं!

बिलिन : म्हणाले असते, स्वतःच्या घरासाठी बोलते.

तातय : ते तर खरंच असतं.

बिलिन : आणि नंतर गाडीत हसले असते.

नानय : हां. आलं शेवटी पोटातलं ओठावर.

बिलिन : नानय, उद्या मला लाल रंग घेऊन उतरायचंय. जी घरं जाणार त्यांच्यावर आकडे टाकायला. नव्या माणसालाच देतात ते काम. मी तियो इस्कोच्या दारावर आकडा टाकणार, आणि वर माझंच तोंड, लाली लावलेलं. ‘आमच्या वाडीचा मान.’

नानय : म्हणून काढायचा होता. सगळं सोडून हिला कापडाची लाज.

तातय : पेर्ला.

नानय : मी नाही बोलत. चूल बघते. तुम्ही दोघं गुंडाळा तुमचा मान, आणि टाका डुकरांच्या खुराड्यावर. निदान त्यांना सावली होईल.

तातय : इंदाय, घडी नको घालू. गुंडाळी कर. घडी घातली की चेहऱ्यावर भेग पडते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. खाणावळीच्या दारात बिलिन, हातात लाल रंगाचा फवारा. कंपनीची गाडी रस्त्यापलीकडे उसाच्या सावलीत उभी आहे.)

तातय : डबा हलवून घे. रंग तळाला बसलेला असतो.

बिलिन : तातय, तुम्ही आत जा ना.

तातय : का? तुझं काम कधी पाहिलं नाही मी. बघतो.

बिलिन : नानय कुठेय?

तातय : चॅपलात गेलीये. रस्सा करून ठेवलाय. म्हणाली, साहेबाला वाढा, आणि तिला विचारा भूक आहे का. ‘तिला’ म्हणाली. नाव नाही घेतलं. पण तंगडीचा मऊ तुकडा वेगळा काढून ठेवलाय.

बिलिन : मी काल संध्याकाळी निघाले होते सांगायला. तियो इस्कोच्या दारापर्यंत गेले. आत सगळे पत्ते खेळत होते, हसत होते. परत फिरले.

तातय : पाहिलं मी. तू परत आलीस, मग मी गेलो.

बिलिन : तुम्ही? सांगितलंत?

तातय : घरोघर. गाडीतून उतरलेल्या परक्या माणसाकडून कळण्यापेक्षा बरं.

बिलिन : माझं नाव निघालं?

तातय : निघणारच. मीच काढलं. म्हटलं, माझ्या मुलीनं सांगायला पाठवलंय.

बिलिन : मी कुठे पाठवलं होतं, तातय?

तातय : बरं. आता पाठव.

बिलिन : काय म्हणाले सगळे?

तातय : लोर्ना रडली. चितानं विचारलं, पोरीला शहरात नीट जेवायला मिळतं का, वाळलीये म्हणाली. पोरं काहीबाही बोलली, ते जाऊ दे. इस्कोनं डाव अर्ध्यावर सोडला. पत्ते गोळा करून ठेवले त्यानं. सकाळी उजाडता आला आणि बांबू घेऊन गेला.

बिलिन : कुठले बांबू?

तातय : फलकाचे. त्याचेच होते. मी दोरीपण देत होतो, म्हणाला ती लोर्नाची आहे.

बिलिन : काही बोलला नाही? शिव्या तरी?

तातय : शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लिही आता. पलीकडून तुझा साहेब बघतोय. कुठे लिहितात?

बिलिन : पुढच्या खांबावर.

तातय : चांगला खांब आहे. तू पोटात होतीस तेव्हा रोवला. तुझी आई म्हणाली, वाकडा आहे. मी म्हटलं, पोरगा झाला तर सरळ करेल. झालीस तू, आणि शिकलीस नेमकं तेच, सरळ करायचं. लिही.

बिलिन : असं नका बोलू, तातय.

तातय : बरं, नाही बोलत. ...पुसट आलंय. लांबून दिसायचं नाही. पुन्हा फिरव, नाहीतर साहेब परत पाठवेल.

बिलिन : रेघ सरळ येत नाहीये.

तातय : मनगट टेकव. माझ्या खांद्यावर टेकव. हं. सावकाश.

बिलिन : तुमच्या सदऱ्यावर उडाला रंग.

तातय : जुना आहे.

बिलिन : शुक्रवारी सभा आहे, हरकती ऐकायला. मी बोलणार आहे. त्या दुसऱ्या रेघेबद्दल. साहेबांसमोर.

तातय : बोल.

बिलिन : नोकरी जाईल कदाचित. आणि रेघ तरीही हलणार नाही.

तातय : असं होऊ शकतं.

बिलिन : तियो इस्कोला सांगू का, की मी बोलणार आहे?

तातय : नको. आधी बोल. मागच्या वेळी आपण जरा घाईच केली फलक लावायची. हसलीस तरी चालेल. मी चेष्टा केली.

बिलिन : तातय, छपरावर काय घातलंय ते? पांढरं?

तातय : फलकच आहे. स्वयंपाकाकडचा पत्रा गळतो. तुझी आई चॅपलात गेली तेवढ्यात चढवला, नाहीतर डुकरांवर गेला असता.

बिलिन : पण काहीच दिसत नाही त्याच्यावर.

तातय : उलटा घातलाय. तोंड पत्र्याकडे.

बिलिन : साहेबांना दिसू नये म्हणून ना? मी काल म्हटलं म्हणून.

तातय : साहेबाचं मला काय. हे लाल आकडे बघून वाडीतलं एखादं पोर चिडेल, चिखल फेकेल. तो तुझ्या तोंडावर नको.