दंडातली काडी

मी, एनेलेसी काफुम्बा, वय ३४ वर्षे, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार चिझोमा, सरोवराकाठ, मलावी, चौकीत स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

फेलेसिया ही माझी धाकटी बहीण. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. पुन्हा दिवस राहिले तर जगणार नाही, असे गावच्या दवाखान्यातील डॉक्टर कलुवा यांनी तिला सांगितले. तेव्हा मी सोबत होते. दिवस राहू नयेत म्हणून दंडाच्या कातडीखाली काडी बसवतात, ती तिने बसवून घेतली. निघताना म्हणाली, "डॉक्टर, हे कुणाला सांगू नका. मामांना तर नाहीच." डॉक्टर हो म्हणाले.

आमचे थोरले मामा बायसन हे घराचे प्रमुख. आमच्यात मुले बापाच्या नव्हे, आईच्या म्हणजे मामांच्या कुळाची धरतात. फेलेसिया वाचली म्हणून ते कोंबडी घेऊन डॉक्टरांचे आभार मानायला गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि काडीचे सांगितले. नंतर मी जाब विचारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अगं, घरच्या मोठ्या माणसाला अंधारात ठेवायचं का? मी याच गावचा. उद्या मला कोण विचारील?" कोंबडी दवाखान्याच्या अंगणात बांधलेली होती.

रविवारी प्रार्थनेनंतर मामांनी दोघींना ओट्यावर बोलावले. ते आवाज चढवत नाहीत. फेलेसियाला म्हणाले, "माझ्या कुळाला लावायचं कुलूप दवाखान्यात मिळतं होय गं? बघू दे तरी." मग मला पाण्याला पाठवले. घरात दोन्ही घागरी भरलेल्या होत्या. मी गेले.

परत आले तेव्हा फेलेसियाच्या दंडाला फडके बांधलेले होते. मामा पायरीवर ब्लेड धूत होते. म्हणाले, "घागर आत ठेव. घाटा शिजव." मी शिजवला. मामा पोटभर जेवले.

फेलेसिया आता जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. हात काळा पडला आहे. कापायचा की कसे, ते उद्या ठरेल.

माझी तक्रार मामा व डॉक्टर दोघांविरुद्ध आहे. मामा मला सोबत म्हणून आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. तक्रार डॉक्टरांची आहे, एवढेच मी त्यांना सांगितले आहे.

काडीची माहिती मला कशी, असे विचारल्यावरून सांगते की, माझ्याही डाव्या दंडात ती आहे. शहरात बसवून घेतली. हे फेलेसियाखेरीज कुणास ठाऊक नाही. मामांना कळू नये, ही विनंती.

घरच्या मोठ्या माणसाला बाहेर ताटकळत ठेवणे बरे नाही, म्हणून चौकीच्या साहेबांनी मामांना आत बोलावून खुर्ची दिली. हा जबाब त्यांच्यासमोर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा.