लसणाच्या चटणीची डबी

आमच्या ह्यांचं पिझ्झाप्रेम तुम्हाला माहीतच आहे. परवा आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या लाडक्या इटालियन हॉटेलात सासूबाईंनाही नेलं. त्यांनी पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली मात्र, हे कडाडले, "आई, पिझ्झ्यावर असलं काही घालायचं नसतं! इटालियन लोकांना अपमान वाटतो." बिचाऱ्यांनी डबी परत ठेवली.

तेवढ्यात इटालियन मालक एक रिकामी स्टीलची डबी घेऊन आला आणि ह्यांना इथल्या अरबी थाटात म्हणाला, "हबीबी, मागच्या शुक्रवारी विसरलास. चटणी आमच्या शेफने संपवली, सॉरी!"

डबीवर सासूबाईंचंच नाव कोरलेलं होतं.

त्यांनी शांतपणे पर्समधली भरलेली डबी मालकाच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "सांग त्यांना, ही शेफसाठी. आमच्या इटालियनाला अपमान वाटतो."