वगळलेले पंधरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या संचालिका इंगुनबाई रोर्विक, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष सिगब्योर्न, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आस्लाउग त्वाइत, पहिल्या रांगेत टोपी घालून बसलेली माझी आई, आणि मागच्या टेबलावरच्या वाफल्सच्या वासामुळे ज्यांचं माझ्याकडे फारसं लक्ष नाही असे माझे सर्व सहकारी मित्रहो,

आस्लाउगचा गौरव करायला मला उभं केलंय. पण गौरवाआधी मला एक कबुली द्यायची आहे. त्या कबुलीचा कागद माझ्या खिशात आहे. तो मी काढीन, जरा धीर धरा.

तीस वर्षांपूर्वी मी या प्रयोगशाळेत आलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि डोक्यात एकच गोष्ट होती. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा धागा. पोलादाहून कितीतरी पट बळकट आणि पिसासारखा हलका. असा धागा समुद्रातून थेट वर न्यावा, ढगांच्या पलीकडे, आणि त्यावरून एक पाळणा सावकाश चढत जावा. खाली फ्योर्डची खाडी लहान होत जाईल, डोंगरांवरचं बर्फ मिठाच्या चिमटीएवढं दिसेल, आणि मग दिवसाढवळ्या चांदण्या. सुतावरून स्वर्ग गाठला, असं लोक थट्टेनं म्हणतात. मी ते अगदी मनापासून करायला निघालो होतो.

पहिल्याच दिवशी हे सगळं मी आस्लाउगला हातवारे करून सांगितलं. ती ताणयंत्रापाशी उभी होती. धागे दोन्ही टोकांना पकडीत अडकवायचे, तुटेपर्यंत ओढायचे आणि आकडा लिहायचा, हे तिचं काम. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली आणि विचारलं, "छान आहे रे. पण वरचं टोक कोण धरणार?"

सगळे हसले. मीही हसलो, पण खरं सांगतो, मला राग आला होता.

स्वर्ग लांबणीवर पडला तेव्हा मी माझं स्वप्न जरा आडवं केलं. माझं गाव सोल्विक, फ्योर्डच्या पलीकडे. सात घरं, एक धक्का. तिथली फेरीबोट बंद होणार असं ठरलं तेव्हा मी आईला म्हणालो, "मी तुला दोर बांधून देतो." या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये एकही खांब नाही, आणि त्यावरून जाणारा पाळणा. पोलादी दोर एवढ्या लांबीला स्वतःच्याच वजनानं खाली झुकला असता. आमचा जवळजवळ दिसलाही नसता. धुकं असलं की वाटलं असतं, म्हातारी हवेतून चालत येतेय. सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या, मिरवणुकीला ती त्यातून येणार, पहिली प्रवासी. तिनं त्यासाठी निळी टोपीसुद्धा घेतली. मी कित्येक महिने त्या पाळण्यातच राहत होतो म्हणा ना.

आम्ही एक्केचाळीस नमुने ओढले. आकडे असे आले की मी ते वही मिटून पुन्हा उघडून बघायचो. मग एका शुक्रवारी, वाफल्सच्या वेळी, आस्लाउगनं कॉफीचा एक रिकामा डबा माझ्यासमोर ठेवला. आत तुटलेली टोकं होती, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.

"हे काय?"

"तू वगळलेले पंधरा."

आता बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. धागा मध्यावर तुटला तर आकडा धरायचा. पकडीपाशी तुटला तर म्हणायचं, पकडीनं तो चेचला, हा दोष धाग्याचा नव्हे, आणि तो नमुना वगळायचा. ही काही लबाडी नाही, सगळीकडे असंच करतात. मीही तेच केलं होतं.

"अगं, ते पकडीपाशी तुटलेत," मी म्हणालो.

"हो. आणि तुझा पाळणा दोन्ही काठांना कशानं धरणार आहेस?"

"पकडीनंच."

"मग?" एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटलीत वाफल वाढलं. वर तपकिरी चीजसुद्धा घातलं.

अहवालावर तिची सही लागायची. ती म्हणाली, एक हिवाळा माणसांऐवजी पोती जाऊ देत, मग सही करते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोर लागला, पाळण्यात आईच्याच तळघरातले बटाटे भरले, अगदी आईच्या वजनाइतके, आणि पाळणा रोज जाऊ-येऊ लागला. सतरा मे आला, गेला, आणि टोपी खोक्यातच राहिली. त्या सगळ्या काळात मी आस्लाउगशी एक शब्द बोललो नाही. शुक्रवारी तिचं वाफल मात्र खात होतो, एवढा मी मानी.

आणि याच काळात मी हा खिशातला कागद लिहिला.

गेल्या आठवड्यात इंगुनबाईंना आस्लाउगच्या फाइलमध्ये हे पत्र सापडलं. तेव्हाच्या संचालकांना मी लिहिलेलं. बाईंनी मला बोलावून हळूच विचारलं, "काढून टाकू का?" मी म्हणालो, नको, मी वाचतो.

"श्रीमती त्वाइत यांना या कामाची दृष्टी नाही. त्या प्रगतीच्या वाटेतला अडथळा आहेत. त्यांना दुसऱ्या विभागात हलवावं. हाल्वार्द नेसहाइम."

संचालकांनी ते पत्र तिला तेव्हाच दाखवलं होतं, हे मला परवा कळलं. म्हणजे मला वाफल वाढताना तिला ते ठाऊक होतं. मित्रहो, मला फार लाज वाटते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यातला तीन मार्च, दुपारची वेळ, लख्ख ऊन, वाऱ्याचं नाव नाही. पोलाद तुटण्याआधी कुरकुरतं, एकेक तार सुटते. आमच्या दोरानं चकार शब्द काढला नाही. पलीकडच्या काठावर, पकडीपाशी, तुटला. आई खिडकीतून दुर्बिणीनं बघत होती. तिनं फोन केला.

"हाल्वार्द, माझे बटाटे गेले रे." मग म्हणाली, "टोपी घरातच आहे."

मी ते तुटलेलं टोक घेऊन प्रयोगशाळेत आलो. आस्लाउगनं टोक घेतलं, चिठ्ठी बांधली आणि डब्यात टाकलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "सोळा. बटाटे."

सोल्विकला दोर झाला नाही. फेरी बंद झाली, आणि ती सात घरं आता फक्त उन्हाळ्यात उघडतात. त्याचं दुःख मला आजही आहे. आमचा धागा पवनचक्क्यांच्या पात्यांत गेला, आस्लाउगच्या भाच्याच्या कृत्रिम पायात गेला, आणि तो पोरगा त्या पायावर डोंगर चढतो. हे थोडं नाही. आणि मी अजूनही डोळे मिटले की ढगांवर चढणारा पाळणा बघतो. फक्त आता त्यात मी दोन्ही टोकं बघतो, आणि वरच्या टोकाशी कोण आहे असं स्वतःला विचारतो.

आस्लाउग, दोर तुटल्यापासून बारा वर्षांत मी तुला हे सांगितलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. तुझं बरोबर होतं आणि मी चुकलो होतो. माझी आई आज त्र्याण्णव वर्षांची आहे आणि तुझ्या शेजारी बसली आहे, ती तुझ्यामुळे. आई, राहू दे, टोपी काढू नकोस.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि पहाटेपासून वाफल्सच्या तव्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी बोलण्यातल्या चुका पोटात घाला असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणत नाही. हे पत्र मी आता आस्लाउगच्या डब्यात टाकतो. आस्लाउग, याला चिठ्ठी बांध. नंबर सतरा.