सरोजाअक्कांची मराठी

—इंग्रजीत नको गं, तमिळमध्येच बोलू, येते मला, चाळीस वर्षं काढलीत या गावात. बस अशी, पंख्याखाली. तर मराठी शिकायचीय. चांगलं आहे. दर रविवारी चार मुलं येतात माझ्याकडे, या जेवणाच्या टेबलावरच आमची शाळा—सगळी बदली होऊन आलेल्यांची. तू त्यांच्याहून बरीच मोठी, पण चालेल. हरिप्रिया राव, म्हणजे तंजावरकडचे तुम्ही. मग घरातच मराठी असेल की. नाही? बरं, कुणाची तू? आजीचं नाव काय म्हणालीस?

सरोजा. एग्मोरच्या? स्टेशनमागच्या तीन मजली घरात राहायच्या, आजोबा सुंदर राव, रेल्वेत होते? म्हणजे तू वेंकटची मुलगी. थांब. थांब जरा. आणि अक्का आता—कधी गं? दोन वर्षं झाली? मला कुणी कळवलं नाही. कोण कळवणार म्हणा.

अगं, त्या घरात खालच्या मजल्यावर आम्ही राहायचो. त्र्याऐंशीला मी लग्न होऊन आले, तेव्हा हे मद्रास होतं. आमचे हे बँकेत, आणि मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं—भाजीवाली समोर आली की मी नुसती बोटं दाखवायची. वर्षभरानं मला दिवस भरत आले आणि हे नेमके मदुरैला. भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी जिन्यात बसून ओरडले, आणि तुझी आजी वरून धावत आली. तिनंच ऑटो थांबवला, तिनंच दवाखान्यात नर्सशी तमिळमध्ये भांडून खाट मिळवली, आणि रात्रभर माझा हात धरून बसली—मराठीत बोलत. कसली मराठी! निम्मी मला कळेना, कुठल्या जुन्या पोथीतली वाटायची, मधे तमिळ शब्द. पण त्या दिवशी मला वाटलं, आई आली. माझ्या दर्शनला चाळीस दिवस तिनं न्हाऊ घातलं. मांडीवर घेऊन एक अंगाई म्हणायची, तिच्या आजीच्या आजीकडून आलेली—‘नीज बा नीज, उदईक येतील अप्पा.’ तेवढं ऐकलं की पोरगं झोपायचं.

आमचं एक मंडळ होतं तेव्हा. एका चेट्टियारांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलेला. पुण्या-नागपूरकडून आलेले आम्ही, आणि तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठी लोकांची अकरा घरं. एक्क्याण्णवला मालकाच्या मुलानं जागा सोडा म्हटलं. आमची माणसं घाबरली. तुझी आजी काय करते? त्याच्या म्हाताऱ्या आईकडे जाऊन दुपारभर गप्पा मारते—कुणाच्या मुलीला कुठं दिलंय, कुठल्या देवळाचा उत्सव कधी—आणि निघताना जागेचं बोलते. जागा राहिली. या तंजावरच्यांचा एक पाय मराठीत होता, एक तमिळमध्ये, म्हणून आम्ही सगळे या गावात उभे होतो. हे मी आता म्हणते. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं? आम्हाला सगळे आमच्यासारखे हवे होते.

नाही, तू घे ना कॉफी. कशाला सांगत बसलेय मी हे.

अठ्ठ्याण्णवचा गणपती. पुण्याहून पाहुणे आले होते, भाषेवर बोलणारे. माइक माझ्याकडे, कार्यक्रम मी बसवलेला. अक्का स्टेजवर गेल्या आणि तीच अंगाई म्हणायला लागल्या. पाहुणे हसले—वाईट नव्हे गं, असेच, गमतीनं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांना वाटेल, मद्रासचे लोक असली मराठी बोलतात. आणि मी मधेच, माइकवर—मी म्हणाले, ‘अक्का, उदईक नाही, उद्या. आणि अप्पा नाही, बाबा. एकदा नीट म्हणा बघू.’ लहान मुलाला सांगतात तसं. सगळा हॉल हसला. माझा दर्शन पुढं बसला होता, चौदा वर्षांचा. तो एकटा नाही हसला.

अक्का म्हणाल्या, ‘तुझें बरोबर असेल, विद्या. मी चुकलें.’ खाली उतरल्या, स्वतः करून आणलेलं हरभऱ्याचं सुंदल सगळ्यांना वाढलं, पाहुण्यांनाही, आणि पातेलं घेऊन गेल्या. परत मंडळात आल्या नाहीत. मग एकेक करत ती अकराही घरं यायची थांबली. कुणी भांडलं नाही, काही नाही.

पाच वर्षांनी चेट्टियारांच्या मुलानं पुन्हा जागा मागितली. म्हातारी आई गेलेली, आणि त्याच्याशी जाऊन बोलेल असं आमच्यात कुणी उरलं नव्हतं. आम्ही इंग्रजीत पत्र पाठवलं. त्याचंही इंग्रजीतच उत्तर आलं. मंडळ संपलं. आता हे टेबल आहे, चार मुलं आहेत.

आणि तो शब्द—मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले होते मला, त्यांनी जुनी पत्रं दाखवली. पानापानावर उदईक. आपलाच शब्द, चांगला मराठी. आम्ही टाकला होता, त्यांनी जपला होता. आणि मी त्यांना नीट म्हणायला सांगत होते.

गेले होते मी, नाही असं नाही. इथं अड्यारला राहायला येण्याआधी एकदा जिना चढून वर गेले. त्यांनी बसवलं, कॉफी दिली, दर्शनची चौकशी केली—सगळं तमिळमध्ये. मी मराठीत बोलत होते, त्या तमिळमध्ये उत्तर देत होत्या. अगदी प्रेमानं. माफी मागायला गेले होते, पण जमलंच नाही. तमिळमध्ये मागता आली असती. तेवढी तमिळ मला तेव्हा येत होती.

पण तुझ्याशी मराठीत बोलत असतील ना? घरात, आपल्या माणसांत? एकदाही नाही? वेंकटशीसुद्धा? कधीपासून—विचारलं होतंस?

त्या गणपतीपासून. अप्पांनी सांगितलं तुला. हं.

मला इतकी वर्षं वाटत होतं, राग माझ्यापुरता होता.

नाही, रडत नाहीये. तू उठ. रविवारी येऊ नकोस. ऐक माझं—तंजावरला कुणी म्हातारं माणूस आहे तुमच्यातलं, अजून बोलणारं? अलमेलू अत्तै, म्हणजे आत्या? कितीच्या? नव्वद? मग तिकडं जा. माझ्याकडे काय आहे, शुद्ध मराठी आहे. ती पुस्तकातसुद्धा मिळेल तुला. ऐकू कमी येतं त्यांना? मग कानाशी बसून मोठ्यानं विचार, आणि त्या सांगतील ते जसंच्या तसं म्हण, कुणी हसलं तरी. आज रात्रीची गाडी मिळते का बघ. जा गं बाळ. दार मी लावून घेते.