मध्यंतराला मरणाऱ्या चिएको वहिनी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सुधीरराव गुर्जर, प्रमुख पाहुण्या डॉक्टर योगिनी रणदिवे, सत्कारमूर्ती चिएको वहिनी धुरी, त्यांचे यजमान जगन्नाथराव, सालमियाहून वेळेवर आलेले आणि मीना अब्दुल्लाहून ट्रॅफिकमधून सुटून आत्ता आत येणारे रसिकहो,

बसा, बसा. पुढे जागा आहे.

मंडळाची नाटकं मी लिहिते, म्हणून वहिनींबद्दल बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. जगन्नाथराव निवृत्त झाले. उद्या दोघं कुवेत कायमचं सोडून निघतील. आधी मालवणला, मग हाकोदातेला. पुढे कुठे राहायचं, यावर अजून भांडण चालू आहे असं कळतं.

हाकोदाते हे वहिनींचं जपानमधलं बंदराचं गाव. शाळेचं शिक्षण संपता संपता त्यांनी पहिलं गाणं गायलं ते एका साबणाच्या जाहिरातीचं. हातांचा मासळीचा वास घालवणारा साबण. गाणं इतकं गाजलं, की लोक साबण न घेता नुसतं गाणं म्हणत हात धुवायला लागले आणि कंपनी बुडाली. मग वहिनी रंगभूमीवर आल्या. पहिल्याच नाटकात, पहिल्या अंकाच्या शेवटी, गाता गाता त्या इतक्या सुंदर मेल्या, की पुढे त्यांना जिवंत ठेवायला कोणी तयारच होईना. तलवारीने मेल्या, बर्फात मेल्या, विहिरीत मेल्या, एकदा तर नुसत्या संशयाने मेल्या. मध्यंतराला रंग पुसायचा आणि बाजार बंद व्हायच्या आत घरी. एवढी मोठी कारकीर्द. पण नाटक संपल्यावर सगळ्यांबरोबर उभं राहून, प्रेक्षकांपुढे वाकणं त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही.

पंपांच्या ट्रेनिंगसाठी जपानला गेलेल्या जगन्नाथरावांनी असं एक मरण पाहिलं. जीव कासावीस झाला म्हणून मध्यंतराला बाहेर आले, तर मयत शेजारच्या टपरीवर शेवया खात होतं. आता मला सांगा, मेलेली बाई शेवया खाताना दिसली तर माणूस काय करेल? एक तर पळेल, नाही तर लग्न करेल. जगन्नाथराव आधी पळाले.

इथे आल्यावर गणेशोत्सवाच्या नाटकात आपण वहिनींना आत्याचं काम दिलं. तिसऱ्या अंकात भाचीचं लग्न लावणारी आत्या. पण पहिल्या अंकाच्या शेवटी वहिनींनी गाणं संपवलं, छातीवर हात ठेवला आणि सवयीने गेल्या. भाऊ झाले होते सुधीरराव. ते खरोखर रडले आणि मग प्रसंगावधान राखून म्हणाले, "आता लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं!" म्हणून नाटक वाचलं.

तेव्हापासून तुम्ही मंडळी मला भाजीच्या दुकानातसुद्धा गाठायचात. "यंदा कशाने जाणार हो वहिनी?" मी डॉक्टर योगिनींना नवनवीन आजार विचारायची. एकदा त्यांनी काळजीने मलाच तपासलं.

आणि मग गेल्या वर्षी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. म्हणाल्या, "पूर्वीताई, एकदा मला शेवटपर्यंत ठेवा. मला बघायचंय, तिथे काय असतं."

गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि मी वही शोधायला उठले.

मी तसं नाटक लिहिलं. सुधीरराव म्हणाले, "अहो, लोक मरण बघायला येतात. जिवंत वहिनी त्यांना रस्त्यात फुकट दिसतात." पण माणूस मनाने मऊ. कबूल झाले. फक्त पडदा ओढणाऱ्या रफीकभाईंना ही गोष्ट कोणी सांगितलीच नाही.

गेल्या महिन्यात, याच हॉलमध्ये, पहिला अंक संपला आणि पडदा पडेना. मी विंगेत धावले. रफीकभाई म्हणाले, "मॅडम मरी नहीं, परदा कैसे गिराऊँ?" तोवर वहिनी दुसऱ्या अंकात शिरल्यासुद्धा! मध्यंतर झालंच नाही. बाहेर वडे थंड झाले. पुढच्या रांगेतली पोरं मोठ्याने विचारायला लागली, "आई, व्हेन इज शी गोइंग टू डाय?" तिसरा अंक संपला, तरी रफीकभाई दोरी धरून ठाम. "पहले मॅडम, फिर इंटरव्हल, फिर खतम. अभी तो इंटरव्हल भी नहीं हुआ."

वहिनी स्टेजवर उभ्या. जिवंत. अशा वेळी पुढे काय करतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी खुर्च्या पुसल्या. खोट्या शेगडीवर खोटा चहा करून सगळ्या पात्रांना दिला. येत होती तेवढी सगळी मराठी गाणी गायल्या, आरत्या गायल्या, मग साबणाचं गाणंही गायल्या. सुधीरराव हात जोडून कुजबुजत होते, "वहिनी, मरा ना आता! थोडंसंच मरा!"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

शेवटी, नेहमीसारखे मध्यंतराला वहिनींना घरी न्यायला आलेले आणि बाहेर गाडीत ताटकळलेले जगन्नाथराव थेट स्टेजवर आले. "काय गो, आज मरूचा नाय काय तुका?"

"नाय. आज शेवट बघतंय."

जगन्नाथराव बायकोशेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी चहा मागितला.

तेवढ्यात हॉलची वेळ संपली आणि दिवे गेले. अंधारात तुम्ही टाळ्या वाजवल्यात. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांबरोबर वाकल्या, पण ते कोणालाच दिसलं नाही. मी विंगेतून त्यांच्या शेजारी आले होते, मला फक्त साडीची सळसळ ऐकू आली. मग त्यांचा आवाज. "पूर्वीताई, शेवट असा काळा असतो?"

"नाही हो वहिनी, हॉलची वेळ संपली."

"मग मी अजून पाहिलाच नाही."

मित्रहो, आपण इथे राहणारी माणसं. आपणही आपल्या घरच्या कितीतरी गोष्टींमधून मध्येच उठून आलो. त्यांचे शेवट आपल्याला फोनवर कळले. वहिनींचं मागणं मला म्हणूनच वेडेपणाचं वाटलं नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टरांनी दवाखाना सोडून वेळ दिला, हॉलचे व्यवस्थापक सर्फराजभाईंनी दिवे चालू ठेवायचा शब्द दिला, आणि तुम्ही जेवणाचा वास येत असूनही जागेवर राहिलात. सर्वांची मी ऋणी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला थट्टा लागली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

रफीकभाई, आज कोणी मरणार नाही. वहिनी वाकतील. त्यांनी मान वर करून समोरच्या सगळ्यांना डोळे भरून पाहिलं, की मगच दोरी सोडा.

वहिनी, या. इथे, पुढे या. इथे उजेड आहे.